तंबोऱ्याच्या भोपळ्याचं अंतराळयान: संगणकाचं कॅबिनेट हाताने कसं बांधायचं

माझ्या भाच्याचा संगणक एका अंतराळयानात बसवलेला आहे. यान नाकापासून इंजिनापर्यंत साधारण ७० सेंमी लांब आहे. पोट ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, मागची दोन इंजिनं स्टीलच्या डब्यांची, आणि पुढचं गोल नाक मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचं. मी कुपवाड एमआयडीसीत पत्र्याचं काम करते. माझे मामा मिरजेत सतार-तंबोरे बनवतात. दोन घरांतल्या दोन कलांमधून हे यान झालं. बांधायला मला साडेतीन महिने लागले, तेही रविवार आणि संध्याकाळ धरून. तुम्हाला भोपळा मिळाला नाही तर स्टीलचा मोठा वाडगाही चालेल, पण बाकीची रीत हीच ठेवा.

बहुतेक जण आधी यानाचं छान चित्र काढतात आणि मग त्यात संगणक कोंबायला बघतात. भाच्यानेही तेच केलं होतं. वहीत टोकदार नाकाचं, चपट्या पोटाचं यान होतं आणि त्यात हवा जायला बोटभर वाट नव्हती. मी त्याला म्हटलं, आधी गरम काय होतं ते सांग, मग आपण यानाचा आकार ठरवू. खरं यान बांधणारेही इथूनच सुरुवात करतात. अंतराळात हवा नाही, म्हणून तिथे पंखा लावून काही थंड होत नाही. उष्णता बाहेर टाकायची ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर आतली उष्णता अमोनियाच्या नळ्यांतून बाहेरच्या मोठमोठ्या पांढऱ्या रेडिएटरपर्यंत नेतात. स्थानकाच्या फोटोत ते पांढरे पट्टे सहज ओळखू येतात. ते तिथे शोभेसाठी लावलेले नाहीत, आणि तरी त्यांच्यामुळेच ते स्थानक स्थानकासारखं दिसतं. आपल्या यानावरही पंख, गळा, इंजिन, जे जे दिसेल त्याला काहीतरी काम असलं पाहिजे, असं मी पहिल्या दिवशीच ठरवलं.

आतलं सामान

भाच्याचा बोर्ड, म्हणजे संगणकाचा मदरबोर्ड, मिनी-आयटीएक्स या छोट्या मापाचा आहे, १७० बाय १७० मिमी, चार भोकांचा. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, एसएफएक्स मापाचा, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमी. ग्राफिक्स कार्ड आखूड, १७ सेंमीचं, एकाच पंख्याचं. मोठ्या एटीएक्स बोर्डावर, म्हणजे ३०५ बाय २४४ मिमीच्या बोर्डावर, असं यान करायला गेलात तर टेबलावर दुसरं काही राहणार नाही. लांब कार्ड असेल तर पोटाची उंची त्या मानाने वाढवा.

या तीनही वस्तूंच्या पुठ्ठ्याच्या नकला करा. फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, कटरने कापा, चिकटपट्टी लावा. कूलरची उंचीसुद्धा पुठ्ठ्यात दाखवा. केबल कुठून निघते आणि तिला वळायला किती जागा लागते, तेही तिथेच धरा. एसएमपीएसच्या केबलींना चार-पाच सेंमी तरी मोकळी जागा हवीच. मग या नकला जमिनीवर मांडून त्यांच्याशी खेळत बसा. आम्ही दोन रविवार फक्त हेच केलं. त्या दोन रविवारांनी पुढचे दोन महिने वाचवले.

भंगारवाल्याकडे त्याच मापाचा बंद पडलेला बोर्ड मिळाला तर उचला. आम्हाला एक मिळाला. भोकं आखायला, जागा तपासायला, शंभर वेळा आतबाहेर करायला तोच वापरला. चांगला बोर्ड शेवटच्या आठवड्यापर्यंत खोक्यातच राहिला.

शेवटी मांडणी अशी ठरली. पोट म्हणजे एक पेटी: २८ सेंमी रुंद, २२ सेंमी उंच, ४० सेंमी लांब. मध्ये नाकापासून शेपटीपर्यंत एक उभी भिंत. डावीकडे त्या भिंतीवर बोर्ड, आणि त्याच्या पुढे एसएमपीएस. उजवीकडे कार्ड, भिंतीला समांतर उभं. दोघांना जोडणारी रायझर केबल भिंतीच्या खाचेतून जाते. बोर्डाची, कार्डाची आणि एसएमपीएसची तोंडं खाली, यानाच्या पोटाकडे. सगळ्या वायरी खालून निघून स्टँडच्या पोकळीत शिरतात आणि टेबलामागे जातात. समोरून, बाजूने, वरून एकही वायर दिसत नाही. या मांडणीत एसएमपीएसला वेगळी एक्स्टेन्शन वायर लागत नाही, आणि घरातल्या लाइनची वायर यानाच्या आत कुठेच फिरत नाही. मला सगळ्यात समाधान याचं वाटतं.

रायझर केबल जुन्या पिढीची आणि कार्ड नव्या पिढीचं असेल तर पडदा काळा राहतो किंवा मधूनमधून जातो. अशा वेळी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन कार्डाच्या स्लॉटचा वेग केबलच्या पिढीवर आणून ठेवा.

हवेची वाट

मागे १२० मिमीचे दोन पंखे, हवा बाहेर फेकणारे. पुढे तसेच दोन, आत घेणारे. १२ सेंमीच्या एका पंख्याचं वर्तुळ ११३ चौरस सेंमी भरतं, दोघांचं २२६. आत येणाऱ्या हवेची वाट याहून अरुंद झाली तर पंखा नुसता आवाज करतो. नाक पेटीला चिकटवायचं नाही, असं तेव्हाच ठरलं. नाक आणि पेटी यांच्यामध्ये शेवटी २५ मिमीची फट ठेवली, चार नळ्यांवर. पेटीच्या तोंडाचा घेर २८ आणि २२ ची दुप्पट, म्हणजे १०० सेंमी. गुणिले अडीच, २५० चौरस सेंमी. हवेला पुरेशी वाट झाली आणि यानाला आपोआप गळा मिळाला. लांबून तो गळा असा दिसतो की जणू नाक म्हणजे माणसं राहायची जागा आणि मागचं पोट म्हणजे यंत्रशाळा.

दोन्ही बाजूंना, कार्डाच्या आणि एसएमपीएसच्या पंख्यांसमोर, जाळीच्या खिडक्या. त्या खिडक्या झाकायला बाहेरून पत्र्याचे पांढरे पंख, भिंतीपासून २५ मिमी दूर. खऱ्या स्थानकाच्या रेडिएटरवरूनच ते घेतलेत. पंखाच्या चारही कडांनी हवा आत जाते आणि समोरून जाळी दिसत नाही. जाळीच्या आतून मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावा, चौकटीला चुंबकाची पट्टी चिकटवा आणि पेटीवर लोखंडी पट्टी, म्हणजे धुवायला चटकन निघते. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, म्हणून ती लोखंडी पट्टी लागतेच.

पत्र्याचं काम

१६ गेजचा ॲल्युमिनियम पत्रा घ्या, सुमारे १.६ मिमी जाडीचा. याहून पातळ पत्रा पंख्याने थरथरतो, जाड पत्रा घरच्या हत्यारांना ऐकत नाही. कोपऱ्यांना १२ मिमीचा ॲल्युमिनियम अँगल. मी पेटी पत्रा वाकवून केली नाही. माझ्याकडे कामावर बेंडिंग मशीन आहे, पण घरी करणाऱ्याला ते मिळत नाही, आणि अँगल-रिव्हेटची पेटी कुठलीही बाजू काढून उघडता येते. वरचा आणि डावा-उजवा पत्रा स्क्रूने लावा, बाकी रिव्हेटने.

आखणी पेन्सिलने नको, सुईने करा. गुण्या लावून रेघ ओढा, भोकाच्या जागी सेंटर पंचाने ठोका. पंच न मारता ड्रिल टेकवलं की टोक घसरतं आणि पत्र्यावर ओरखडा कायमचा राहतो. आधी ३ मिमीचं भोक, मग मोठं. खाली लाकडाचा तुकडा हवाच. ॲल्युमिनियम ड्रिलच्या दातांत चिकटतं, म्हणून दर दोन भोकांनी टोक रॉकेलमध्ये बुडवा. रॉकेल नसेल तर मशीनचं पातळ तेल.

पंख्याची गोल खिडकी जिगसॉने कापायची, बारीक दातांच्या धातूच्या पात्याने. आतून एक भोक पाडून पातं घाला आणि रेघेच्या एक मिमी आत राहून फिरवा. उरलेलं अर्धगोल कानशीने. पंख्याची चार भोकं १०५ मिमीच्या चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात, ४.५ मिमीची पाडा. बोर्डाच्या मागच्या तोंडाची खिडकी १५८.७५ बाय ४४.४५ मिमी. हे माप जसंच्या तसं धरा. एक मिमी मोठी झाली की बोर्डासोबत आलेली पट्टी घट्ट बसत नाही.

बोर्डाखाली साडेसहा मिमीचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे छोटे खांब. त्यांची भोकं आखायला भंगारातला बोर्ड पत्र्यावर ठेवा आणि चार भोकांतून सुई फिरवा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते ऐका. कापाकापी पूर्ण संपल्याशिवाय खरं सामान त्या खोलीतही आणू नका. सगळं जोडून झाल्यावर मला पंखाचं एक भोक थोडं मोठं करावंसं वाटलं. वर्तमानपत्र झाकून केलं. संध्याकाळी बटण दाबलं तर काही नाही. पंखा एक गिरकी घेऊन थांबायचा. दोन तास मी वायरी तपासत बसले आणि भाचा माझ्या तोंडाकडे बघत. शेवटी बोर्ड सोडवला, तेव्हा त्याच्या पाठीमागे नखाच्या कडेएवढा ॲल्युमिनियमचा कीस स्टँडऑफ आणि डाख यांच्यामध्ये अडकलेला सापडला. ब्रशने काढला आणि संगणक सुरू झाला. नशीब चांगलं म्हणून एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून माझा नियम: कानस फिरवून सगळ्या कडा गुळगुळीत करायच्या, मग पेटी साबणाच्या पाण्याने घासून धुवायची, उन्हात वाळवायची आणि आतून हात फिरवून बघायची. हाताला एकही कण लागता कामा नये. हा कीस चुंबकाने उचलला जात नाही, हे विसरू नका.

भोपळा

तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर भागातून मिरजेला येतात. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भोपळा निवडायची नजर त्याच्या कितीतरी आधीची. मामा बोटाच्या पेराने टकटक करतात, कानाजवळ धरतात, बाजूला ठेवतात. एका अंगाने पातळ असलेला, किंवा देठापाशी तडा गेलेला भोपळा वाद्याला चालत नाही. आम्ही तसलाच मागितला. मामा म्हणाले, "यान करताय तर करा की, पण भोपळ्याला घाई करू नका. त्यो वाळतो त्याच्या चालीनं."

आमच्या भोपळ्याचा घेर ४२ इंच होता, म्हणजे व्यास ३४ सेंमीच्या आसपास. सगळ्यात फुगीर भागावर दोरी गुंडाळा, दोरीच्या कडेने पेन्सिल फिरवा आणि बारीक दातांच्या करवतीने हळूहळू गोल फिरत कापा. एकाच जागी दाबून कापलं तर तडा जातो. आतला वाळलेला गर ओल्या फडक्याने रात्रभर झाकून ठेवा, सकाळी चमच्याने निघतो. कोरडा खरवडू नका. त्याची धूळ कडू असते आणि घशात बसते. ओला असला तरी तोंडाला मास्क लावा. मग सावलीत आठ-दहा दिवस. उन्हात ठेवलात तर काठ वाकडा होतो.

वाळल्यावर आतून चपडीचे दोन हात द्या, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या. म्हणजे दमट दिवसांत भोपळा पाणी ओढून घेत नाही. बाहेरून मात्र चपडी लावू नका. मी लावली होती आणि तिच्यावर चढवलेली गाड्यांची पुट्टी चार दिवसांनी कवच निघावं तशी सुटली. बाहेरचं गुळगुळीत साल ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून खरखरीत करा आणि पुट्टी थेट त्याच्यावर, पातळ थरांत. एका थरानंतर १२० नंबर, मग पुन्हा पुट्टी, मग २२०. प्राइमर मारल्यावर खळगे दिसायला लागतात, ते भरा, आणि शेवटी ४०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून. माझे पाच थर झाले. भोपळा कधीच पूर्ण गोल नसतो. एका बाजूला किंचित फुगलेलाच राहतो. तो मी तसाच ठेवला, कारण पुट्टीने गोल करायला गेलं तर वजन वाढतं.

कापलेल्या काठाला आतून ६ मिमी प्लायवूडची कडी इपॉक्सीने चिकटवा. पेटीकडून येणारे चार बोल्ट त्या कडीत बसतात. भोपळा शेवटी लाकडासारखाच, जळणारा. म्हणून नाकातून फक्त थंड हवा जाते आणि पाच व्होल्टच्या दिव्यांची वायर. एसएमपीएस किंवा गरम काही त्याला टेकलेलं नाही.

इंजिनं

स्टीलचे १३ सेंमी व्यासाचे दोन डबे, भांड्यांच्या दुकानातून. बूड कापून काढायचं. पातळ कटिंग व्हील लावलेल्या ग्राइंडरने मी कामाच्या जागी कापलं. तुमच्याकडे ग्राइंडर नसेल तर कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे दहा मिनिटांचं काम आहे. स्वतः कापणार असाल तर डोळ्यांवर गॉगल, आणि ओढणी-पदर घट्ट खोचून.

मग ते तापवायचे. स्वच्छ स्टीलला गॅसच्या टॉर्चने एका कडेने ताव दिला की रंग सरकत येतो: आधी फिकट सोनेरी, मग तपकिरी, जांभळा, आणि शेवटी निळा. रंग म्हणजे वर तयार झालेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. उष्णता वाढते तसा तो जाड होतो आणि त्याच्यावरून परतणारा प्रकाश बदलतो. डबा आधी साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून घ्या आणि नंतर बोट लावू नका, नाहीतर बोटाचा ठसा त्या निळ्यात कायमचा उमटतो. ज्वाला मागच्या काठावर ठेवा, म्हणजे निळा रंग तोंडाशी येतो आणि सोनेरी आत विरतो. खूप वेळ दिलात तर सगळं राखाडी होतं, मग पुन्हा पॉलिश करून सुरुवात. माझा दुसरा डबा तीन वेळा राखाडी झाला. पण जमल्यावर जो रंग दिसतो तो कुठल्याही डब्यातल्या पेंटने येत नाही, आणि तापून तापून काळवंडलेल्या इंजिनाचाच तो असतो.

अंगावरचं बारीक काम

यान मोठं वाटावं असं वाटत असेल तर आधी प्रमाण ठरवा. आम्ही १:२०० धरलं. ७० सेंमीचं यान म्हणजे १४० मीटर, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या १०९ मीटर लांबीपेक्षा मोठं. या प्रमाणात दोन मीटरचं दार एक सेंमीचं, साठ सेंमीची खिडकी तीन मिमीची, आणि माणूस साडेआठ मिमीचा. एकदा हे ठरलं की हातात आलेल्या प्रत्येक तुकड्याला विचारायचं: तू दोनशेपट मोठा झालास तर काय असशील? बंद प्रिंटरची दातेरी चाकं, हार्ड डिस्कचे कव्हर, शिलाई मशीनच्या बॉबिन, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. आणि मामांच्या दुकानातलं मोडकं सामान. सतारीचे जुने पडदे, म्हणजे दांडीवर बांधतात त्या वाकवलेल्या धातूच्या कांबी, यानाच्या पाठीवर एकामागून एक लावले आणि त्या फासळ्या झाल्या. मोडलेल्या दोन खुंट्या गोदीत यान अडकवायचे खुंटे झाल्या. सूर मिळवायचे मणके इंधनाच्या टाक्या.

हे तुकडे अंगभर पसरू नका. कडांपाशी, खाचांत, दोन पत्र्यांच्या सांध्यावर गर्दी करा, आणि मोठे पत्रे मोकळे सोडा. खऱ्या यंत्रातही दुरुस्तीला हात पोचतो तिथेच नळ्या-बटणं असतात. मोठं, मध्यम, बारीक अशी तिन्ही मापं एका घोळक्यात असू द्या. भाच्याने पहिल्या दिवशी उत्साहाने सगळी वरची बाजू भरून टाकली होती. आम्ही निम्मे तुकडे काढले, तेव्हा कुठे उरलेले दिसायला लागले.

रंग

आधी सगळीकडे गडद राखाडी. वाळल्यावर पत्र्यांच्या आकाराच्या चिकटपट्ट्या लावून त्याच्यावर पांढरा, आणि काही पट्ट्यांवर किंचित पिवळसर, काहींवर किंचित निळसर पांढरा. हा फरक डोळ्याला जेमतेम कळला पाहिजे. स्प्रेचे डबे चालतात. गच्चीवर, वारा पडलेल्या सकाळी, मास्क लावून मारा. हार्डनर घालायचे गाड्यांचे टू-के रंग घरात मारू नका, त्यांची वाफ फुप्फुसांना फार वाईट.

मळकटपणा शेवटी. तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा पातळ करून सांध्यांत सोडा आणि फडक्याने पुसा. इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात: गंजाचे, मातीचे ओघळ खालच्या दिशेने काढतात, जसे आपल्या पावसात घराच्या भिंतीवर येतात. अंतराळात पाऊस नाही आणि खाली अशी दिशाही नाही. डाग असतील तर इंजिनाच्या तोंडाभोवती, झडपांभोवती आणि माणसांचे हात जिथे जिथे लागतात त्या दारांपाशी. काजळी इंजिनाकडून पुढे विरत जाते. मी एक मऊ ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त त्याच दिशेने फिरवला.

दिवे

रात्री मिरजेतून जाताना दवाखान्यांच्या मोठ्या इमारतींकडे बघा. सगळ्या खिडक्या कधीच पेटलेल्या नसतात. कुठे एक ओळ उजळलेली, कुठे एकटीच खिडकी, कुठे पूर्ण मजला अंधारात. आमच्या नाकावर चाळीस खिडक्या पाडल्या आणि उजळल्या त्यांतल्या तेवीसच. उजेड सगळा एका रंगाचाही नको. थोडा पिवळट, थोडा पांढरा ठेवा.

खिडक्यांत १ मिमीचे प्लास्टिकचे प्रकाशतंतू घातले, आणि त्यांची आतली टोकं एका नळीत जुळवून समोर एलईडी बसवला. पाच व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला २२० ओमचा रेझिस्टर पुरतो: एलईडीवर सुमारे ३.१ व्होल्ट पडतात, उरलेले १.९ रेझिस्टरवर, आणि प्रवाह नऊ मिलीअँपिअरच्या आसपास. कमी वाटेल, पण खिडकीला एवढाच उजेड शोभतो. भोपळा आतून काळा रंगवा, नाहीतर पुट्टीच्या पातळ जागेतून उजेड झिरपतो.

इंजिनांत गोल पट्टीचे एआरजीबी, म्हणजे रंग बदलणारे, दिवे आहेत, तीन पिनांचे, पाच व्होल्टचे. बोर्डावर त्याच्यासारखाच दिसणारा चार पिनांचा, बारा व्होल्टचा जोड असतो. चुकून तिथे लावले तर पट्टी त्याच क्षणी जाते. जोडण्यापूर्वी बोर्डावरचं छापलेलं वाचा, अंदाजाने घालू नका.

जोडणी आणि चाचणी

सामान आत घालण्यापूर्वी बाहेर लाकडी पाटावर मांडून सुरू करून बघा. मग आत. एसएमपीएसचे स्क्रू जिथे पत्र्याला लागतात तिथला रंग खरवडून टाका. त्या चार स्क्रूंतूनच यानाच्या अंगाला अर्थिंग मिळतं. मल्टिमीटर लावून प्लगची अर्थची पिन आणि यानाचा प्रत्येक पत्रा यांत रेझिस्टन्स शून्याजवळ येतो का ते बघा. रंगवलेला पंख कधीकधी सुटा राहतो, त्याला आतून वायर जोडा. घरातल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का, हेही वायरमनला एकदा विचाराच.

मग उदबत्ती. गळ्याच्या फटीपाशी धरली की धूर आत ओढला गेला पाहिजे, इंजिनांतून बाहेर आला पाहिजे. पंखांच्या कडांपाशी धूर थांबला तर आतली जाळी बारीक आहे. आमचा गळा पहिल्यांदा १५ मिमीचा होता, मला तोच देखणा वाटला होता. मे महिन्यात, तासभर पूर्ण लोड दिल्यावर, प्रोसेसर पाटावर ६८ अंशांवर होता आणि यानात ८१ वर. गळा २५ मिमीचा केला आणि ७२ वर आला. देखणेपणाचा हिशोब तिथेच मिटला.

आणि मग तो आवाज. रात्री सगळं शांत झाल्यावर यानातून एक लांब, एकसुरी गुंजन यायला लागलं. पंखे तर महागाचे, मुके. मामांना बोलावलं. त्यांनी कान लावला, नाकावर तळहात ठेवला आणि गुंजन बसलं. हात काढला आणि परत उठलं. "काळी एक हाय," ते म्हणाले, "भोपळा आहे गं पोरी, त्याचं कामच हे." मग भाच्याने हिशोब मांडला. पंख्याला सात पाती, मिनिटाला १२०० फेरे, म्हणजे सेकंदाला २० फेरे आणि १४० ठोके. काळी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज १३८.६ हर्ट्झच्या जवळ येतो. पंख्याची थरथर नळ्यांतून भोपळ्यात जात होती आणि भोपळा ती मोठी करून परत देत होता, पिढ्यान्‌पिढ्या तंबोऱ्यात देत आलाय तशी.

उपाय सोपा निघाला. पुढच्या पंख्यांना स्क्रूऐवजी रबराच्या पिना लावल्या. नाकाच्या चार बोल्टना दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घातले. भोपळ्याच्या आत तळाशी नमद्याचा एक गोल तुकडा चिकटवला, आणि बायोसमध्ये पुढच्या पंख्यांचा वेग एरवी ९०० वर ठेवला, मागचे त्याहून थोडे कमी. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा किंचित जास्त असली की फटींतून धूळ ओढली जात नाही, हाही फायदा झाला. नमदा चिकटवताना मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. भोपळा मुका करायचं काम त्यांनी जन्मात पहिल्यांदा केलं. मग म्हणाले, थोडा राहू दे. म्हणून नमदा अर्ध्या भागालाच आहे, आणि अगदी शांत रात्री नाकाला कान लावला तर सूर अजून ऐकू येतो.

जाळ्या महिन्यातून एकदा धुवा. आमच्याकडे ऊसतोड झाल्यावर शेतात पाचट जाळतात, तेव्हा काजळी खिडकीतून थेट घरात येते. त्या दिवसांत दर आठवड्याला. पंखाचे चार स्क्रू सोडवायचे, जाळी ओढून नळाखाली धरायची, झटकून वाळवायची. पोटाखाली, स्टँड लागतो तिथे, भाच्याने पेन्सिलने प्रत्येक धुण्याची तारीख लिहायला सुरुवात केली आहे. आतापर्यंत अकरा झाल्यात.